कलम नऊ, चौकोनी कंसात

रास्ता पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही सात जण कायदा दुरुस्त करतोय.
आदर्श कायदा. आदर्श म्हणजे थोर नव्हे,
खासनीस वकील पहिल्याच दिवशी म्हणाले,
आदर्श म्हणजे कित्ता, ज्याला हवा त्याने गिरवावा.

पहिली सकाळ ‘परिचारिका’ या शब्दातच गेली.
परिचारिका म्हणजे अशी व्यक्ती, की जी…
‘जी’वर ब्रदर तांबोळींनी हात वर केला.
अठरा वर्षं ऑर्थोपेडिकला, ओठावर झुपकेदार मिशी.
मग एक ओळ घातली :
या कायद्यात स्त्रीलिंगात पुल्लिंगाचा समावेश आहे असे मानावे.
खासनिसांनी चष्मा काढून ती दोनदा वाचली.
बत्तीस वर्षांच्या वकिलीत म्हणे
हे वाक्य त्यांनी नेहमी उलटंच लिहिलं होतं.

दुपारी नूतनीकरण. दर पाच वर्षांनी, इतके तास, इतके गुण.
शोशाम्मा बोलली, तिच्या त्या काटेकोर मराठीत :
कोट्टयमहून पुण्याला नोंदणी बदलायला नऊ महिने.
नऊ महिने मी आयसीयूत होते, पण कागदावर आया.
पगारही आयाचा.
पेशंटला कोण सांगणार, हा हात अजून वैध नाही?
कुणी हसलं नाही. चहा आला.
आम्ही ‘साठ दिवसांच्या आत’ असं लिहिलं
आणि ‘शक्यतो’ खोडला.

आणि मग कलम नऊ. कार्यकक्षा.

मसुद्यात होतं : आदेशानुसार.
मी म्हटलं, आदेशानुसार किंवा स्वतःच्या निर्णयानुसार.
डॉक्टर मेंबर म्हणाले, ‘किंवा’ धोक्याचा आहे, सिस्टर.
‘आणि’ चालेल.

सिस्टर. मी एस्तेर साळवी, एकेचाळीस वर्षं वॉर्डात,
नोंदणी क्रमांक झोपेतही सांगेन.
‘आणि’ आणि ‘किंवा’ यांत किती अंतर असतं
ते मला ठाऊक आहे.
आंबेगावच्या घाटाइतकं, दरड पडलेली असताना.

सुगंधा डामसे, एएनएम, उपकेंद्रात एकटी.
पोरगी पहिलटकरीण, झटके येतायत.
मॅग्नेशियमचा पहिला डोस कागदात बसत होता,
दिला.
दुसरा बसत नव्हता.
तो गाडीत बसलेल्या, रेंजमध्ये असलेल्या,
दरडीपलीकडच्या डॉक्टरचा होता.
चार तास झाले. तिने गुडघ्याची उडी पाहिली,
श्वास मोजले, पिशवीतली लघवी मोजली,
कंदिलापाशी घड्याळ धरून वेळ लिहिली,
आणि दिला.

आई वाचली. मुलगा वाचला.
नोटीस आली : कार्यकक्षेचे उल्लंघन.

चौकशी समितीत तिघी होतो.
तिच्या वहीतलं अक्षर किती नीट होतं :
श्वास सोळा. श्वास सोळा. श्वास पंधरा.
मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं
आणि खाली लिहिलं, ताकीद देण्यात यावी.
सही माझी. निळ्या शाईची.
तेव्हा नियम तसाच होता, असं मी
अजूनही कधीकधी भांडी घासताना म्हणते.

हे मी त्या खोलीत सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, ‘किंवा’ राहू द्या.
तांबोळी म्हणाले, राहू द्या.
शोशाम्मा म्हणाली, राहू द्या.
डॉक्टर मेंबरनी घड्याळ पाहिलं.
खासनिसांनी पेन्सिलीने शब्दाभोवती
चौकोनी कंस काढले, हळू, जणू टाका घालावा तसे.
कंस म्हणजे नाही नव्हे, ते म्हणाले,
कंस म्हणजे अजून बोलणं बाकी.
पुढची बैठक मंगळवारी.

खाली उतरून अपोलो टॉकीजच्या चौकात
रिक्षांच्या गलक्यात मी तिला फोन लावला.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
काय बोलायचं ते ठरवलं होतं. पहिलं वाक्य तरी.

सुगंधा, मी साळवी बाई…

बाई, नंतर करते, ती म्हणाली,
एक अडलीय इथे.
मागे कुणीतरी कण्हत होतं.
फोन तिने ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला,
आणि मी पदपथावर उभी राहून
ऐकत राहिले,
तिचं ते, कुणाच्याही आदेशाशिवायचं,
दम घे, आता नको, आता.